तीन दोन एक

खेतवाडीच्या अकराव्या गल्लीत, तिसऱ्या माळ्यावर,
आरोंदेकरांचा उजवा हात मार्चपासून
मांडीवर ठेवलेला आहे,
दुसऱ्या कुणाची वस्तू
सांभाळायला घेतल्यासारखा.

सुनेनं ऑफिसातला टाकाऊ संगणक आणला.
त्यावर विंडोज धापा टाकायचं, मी लिनक्स घातलं.
फुकट आहे म्हटल्यावर काका म्हणाले,
"फुकट ते पौष्टिक. बघू."

माऊस डावीकडे ठेवला.
पण डाव्या हाताची तर्जनी पडते उजव्या बटणावर,
आणि उजवं बटण काही करत नाही,
मेनूकार्ड पुढ्यात टाकून
निघून जाणाऱ्या वेटरसारखं.

टर्मिनल उघडलं. यंत्राला विचारलं, कोण कोण आलंय?
त्यानं हजेरी दिली: कळफलक, पॉवरचं बटण,
आणि अकरा नंबरला माऊस.
अकराला सांगितलं, तीन दोन एक.
पहिल्याचं तिसरं, तिसऱ्याचं पहिलं,
मधल्यानं जागचं हलायचं नाही.

"उलटं वाचायचं होय," काका म्हणाले,
"छत्तीस वर्षं दुसरं काय केलं?"
खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं.
डाव्या हातात स्टिक,
उजव्यानं न बघता खणातून उचलायचं,
काना कुठे, रफार कुठे, बोटांना पाठ.
"हा डावा नुसता धरून उभा असायचा.
पगार मात्र दोघांना सारखा."

वेग कमी केला: उणे शून्य पूर्णांक आठ.
दोन टिचक्यांमधलं अंतर वाढवलं,
पहिलीनंतर दुसरी यायला
जिना चढावा इतका वेळ लागतो म्हणून.
चाकाचंही सांगितलं,
की ते यंत्राला चाक वाटतच नाही,
वर फिरवलं की चौथं बटण, खाली की पाचवं,
खट खट खट, ते फक्त मोजतं.
"टॅक्सीचा मीटर," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन:
"अरे, तो परत उजवा झाला."

मीच चुकलो होतो.
तोंडी सांगितलेलं हे यंत्र रात्री विसरतं,
लिहून दिलेलं पाळतं.
संध्याकाळी जाऊन फाईल लिहिली,
इटीसीच्या पोटात, एक्स इलेव्हनच्या पोटात,
सुरुवातीला सेक्शन, शेवटी एन्डसेक्शन,
मधे तेच, तीन दोन एक चार पाच.
पुन्हा चालू केलं.

पडदा काळा.
काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग
आणि शेवटी लुकलुकणारी एक रेघ.
खाली पावभाजीच्या तव्यावर उलथनं आपटत होतं.
मला घाम. शलाका चहा घेऊन दारात थांबलेली,
आत यावं की नाही अशी.
फाईल परत उघडली, वाचली, दोनदा वाचली,
मला सगळं बरोबर दिसत होतं.
स्वतःचं लिहिलेलं
प्रत्येकाला बरोबरच दिसतं.

काकांनी खुर्ची ओढायला लावली.
इंग्रजी त्यांना बेताचंच.
डाव्या हाताचं बोट वर आलं, थरथरलं,
काचेला टेकलं.
"सातवी ओळ. अवतरण उघडलंयस,
मिटवलं नाहीस."

मिटवलं.
बाण आला. मधोमध, कोरा,
काही झालंच नाही असा.

मग त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहिलं,
पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल, दीड तास.
एक शब्द चुकीच्या ओळीत पडला होता.
मी दाखवलं: शब्दावरून बाण ओढला
की तो उचललाच गेलेला असतो,
मग हवं तिथे जाऊन मधलं चाक दाबायचं.
त्यांनी 'झाकण' उचललं,
खालच्या ओळीत नेलं, दाबलं.
जुन्या जागचं आपल्या हातानं पुसलं.
बराच वेळ पाहत राहिले,
पत्राकडे नव्हे, हाताकडे.

"आता याचा पगार वाढवायला हवा."

घरी येऊन माझ्या माऊसवर बोट ठेवलं
तर भलतंच बटण दाबलं गेलं.
दोन दिवस तसंच होत होतं.
तिसऱ्या दिवशी गेलं आपोआप,
तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटलं.